डाव्या कानाच्या टोपीचे प्रकरण

माणसाचे दोन्ही कान एका मापाचे नसतात. निसर्गाने ही गोष्ट हजारो वर्षे गुप्त ठेवली होती. कानात घालायचे इअरफोन बाजारात आले आणि ती उघडकीस आली. कोथरूडच्या भीमराव ओव्हाळांना ती वयाच्या बासष्टाव्या वर्षी कळली. इअरफोनची मधल्या मापाची रबरी टोपी त्यांच्या उजव्या कानात जन्मापासून तिथेच असल्यासारखी बसे. डाव्या कानात मात्र ठणका लावी. कानाच्या डॉक्टरांनी तपासून सांगितले की डावा कान अरुंद आहे, तिकडे लहान टोपी लावा. (हे सांगितले जात असताना उजव्या कानात व्याख्यान चालू होते, त्यामुळे डॉक्टरांना ते दोनदा सांगावे लागले.)

व्याख्यान 'ऐकण्याची कला' या विषयावरचे होते. चाळीस भागांची ती माला भीमराव रोज चार तास ऐकत. समोरचा माणूस बोलू लागला की हातातले काम बाजूला ठेवावे, हा सत्ताविसाव्या भागातला मुद्दा त्यांना इतका पटला की तो पुन्हा ऐकता यावा म्हणून त्यांनी शैलाताईंना बोलायचे जरा थांबायला सांगितले होते.

टोपी बदलायला पाच सेकंद लागतात, असे इअरफोनसोबत आलेल्या पत्रकात छापले आहे. भीमरावांना सोळा दिवस लागले. यात पत्रकाची चूक नाही. गेल्या डिसेंबरात स्वारगेटहून येताना त्यांची एक टोपी बसमध्ये निसटून सीटखाली गेली होती. कंडक्टर धरून अकरा जणांनी वाकून ती शोधून दिली. असा प्रसंग पुन्हा ओढवू नये म्हणून भीमरावांनी घरी आल्या आल्या दोन्ही टोप्या पंक्चरच्या सोल्यूशनने पक्क्या चिकटवून टाकल्या. जी वस्तू निघते ती हरवते, असे त्यांचे सरकारी नोकरीपासूनचे मत होते. लहान आणि मोठ्या मापाच्या राखीव टोप्या त्यांनी पाकिटात घालून, पाकिटावर तारीख टाकून कपाटात ठेवल्या होत्या. त्या इतक्या सुरक्षित होत्या की सोळांपैकी पहिले दोन दिवस त्या शोधण्यात गेले.

नेमके याच सुमारास शैलाताईंना त्यांच्याशी बोलायचे होते.

त्यांची मुलगी पूर्वा वाघोलीला राहते. तिचे बाळ पाच महिन्यांचे झाले होते आणि तिची रजा महिनाअखेरीस संपत होती. आईबाबांनी वर्षभर आमच्याकडे येऊन राहावे, असे तिने दोघांनाही सांगितले होते. शैलाताई महापालिकेच्या शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या. त्यांना नातीजवळ जायचे होते, पण नवऱ्याला मागे ठेवून नव्हे. छत्तीस वर्षांत दोघांनी कधी वेगळ्या चुली मांडल्या नव्हत्या आणि आता मांडायची त्यांची तयारी नव्हती. भीमरावांनी एकदा हो किंवा नाही म्हणावे, एवढेच त्यांना हवे होते.

भीमरावांनी नाही म्हटले नाही, हे त्यांच्या बाजूने नोंदवले पाहिजे. ते फक्त म्हणाले, "हे रबर निघू दे, मग निवांत बोलू."

यामागे चौतीस वर्षांची शिस्त होती. ज्या खात्यातून ते कक्ष अधिकारी म्हणून निवृत्त झाले, तिथे त्यांच्या टेबलावर एका वेळी एकच प्रकरण असे. ते निकाली निघाल्याशिवाय दुसऱ्याची दोरी सुटत नसे. त्यामुळे त्यांचे टेबल खात्यात सर्वांत स्वच्छ म्हणून ओळखले जाई. (बाहेरच्या बाकांवर किती माणसे बसून असत, याची मोजदाद ठेवण्याची पद्धत नव्हती.) आता जेवणाच्या टेबलावर टोपीचे प्रकरण होते, आणि वाघोलीचे त्याच्या मागे, रांगेत.

प्रकरण रीतसर हाताळले गेले. तिसऱ्या दिवशी नखाने ओढले, नख तुटले. चौथ्या दिवशी पूर्वाने माहेरी ठेवलेला भुवयांचा चिमटा वापरला. टोपीला दात लागले. पाचव्या दिवशी खोबरेल तेल सोडले, त्याने टोपी सोडून बाकी सगळे निसटू लागले. तेल काढण्यासाठी पावडर टाकली, पावडर इअरफोनच्या जाळीत गेली, जाळीतली पावडर दात घासायच्या ब्रशाने काढली, आणि हा ब्रश शैलाताईंचा होता, हे सहाव्या दिवशी कळले.

सोसायटीत चोवीस फ्लॅट आहेत. त्यांपैकी एकोणीस घरांतून सल्ला आला; एकूण पद्धती एकतीस, त्यांतल्या चौदा एकमेकींच्या विरुद्ध. सल्ला देणाऱ्या सात जणांनी भीमरावांचा प्रश्न ऐकला नव्हता, कारण त्यांच्याही कानांत इअरफोन होते. पण त्यांचे सल्ले इतरांपेक्षा वाईट होते असे म्हणता येणार नाही. तिसऱ्या मजल्यावरचा अनिरुद्ध, जो आयटीत आहे, म्हणाला की काका, सिम्पल आहे, ट्विस्ट करून पुल करा, नाही जमलं तर नवा पेअर ऑर्डर करा. तळमजल्यावरचे आप्पासाहेब, ज्यांच्या भावकीची जमीन शहरात आली तेव्हा तेही शहरात आले, त्यांनी वस्तू बोटांत फिरवून पाहिली आणि विचारले, "पक्कड हाय ना घरात? मग धरा अन् वढा की."

प्रत्येक सल्ल्याची भीमरावांनी वहीत नोंद केली. शैलाताई सात दिवस टेबलाच्या दुसऱ्या टोकाला भाजी निवडत बसल्या. रोज एकदा त्या म्हणत, "अहो, पूर्वाला काय कळवू?" आणि भीमराव भिंग डोळ्याला लावून म्हणत की आता थोडेच राहिले आहे.

आठव्या दिवशी शैलाताईंनी अर्ज दिला.

फूलस्केप कागदावर, डावीकडे समास सोडून, मुख्याध्यापिकेच्या अक्षरात. विषय: वाघोली येथे वास्तव्यास जाणेबाबत. मजकूर असा: 'महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून विनंती करण्यात येते की, आपण उभयतांनी एक वर्षाकरिता कन्येकडे जावे. अर्जदारास एकटीने जाण्याची इच्छा नाही. एकटीने गेल्यास अर्जदारास करमणार नाही व आपणांस स्वतःचा चहा करता येत नाही, ही बाब विचारात घ्यावी.' खाली सही, तारीख, आणि सहीच्याही खाली आणखी एक ओळ.

भीमराव प्रसन्न झाले. इतका स्वच्छ अर्ज त्यांना नोकरीतही कधी आला नव्हता. विषयाची ओळ वाचून त्यांनी कोपऱ्यात 'प्राप्त' लिहिले, तारीख टाकली, आणि अर्ज भिंगाच्या डबीखाली ठेवून दिला. बायकोने आपली पद्धत शेवटी समजून घेतली, या विचाराने त्यांना त्या दिवशी भरून आले.

सोळावा दिवस सोमवार होता. सकाळी सव्वानऊला शैलाताई दोन बॅगा घेऊन दारात उभ्या राहिल्या. खाली रिक्षा आली होती. भीमरावांच्या एका हातात इअरफोन होता, दुसऱ्या हातात वाफाळते फडके.

"अहो, मी निघते."

"हं. एक मिनिट."

शैलाताईंनी आयुष्यभर घंटेवर शाळा चालवली होती. त्या घड्याळाकडे बघत पूर्ण एक मिनिट उभ्या राहिल्या. मग बॅगा उचलून गेल्या.

नऊ वाजून चाळीस मिनिटांनी टोपी निघाली. फाटली नाही, जाळीला धक्का नाही. भीमरावांनी लहान टोपी चढवली, डाव्या कानात घालून पाहिली. अजिबात ठणकले नाही. ते मोठ्याने म्हणाले, "शैला, निघालं बघ." दुसऱ्यांदा म्हणाले तेव्हा त्यांनी दोन्ही कान मोकळे करून उत्तराची वाट पाहिली.

मग शिस्तीप्रमाणे त्यांनी पुढचे प्रकरण घेतले. अर्ज पहिल्यांदाच शेवटपर्यंत वाचला. सहीखालच्या ओळीत लिहिले होते: 'सात दिवसांत उत्तर न आल्यास, आपणांस येणे नाही व अर्जदाराने एकटीने जाण्यास हरकत नाही, असे गृहीत धरण्यात येईल.'

ही वाक्यरचना त्यांच्या ओळखीची होती. शेकडो पत्रांखाली त्यांनी स्वतः ती घातली होती. ती वाचणाऱ्याला कसे वाटते, याची चौकशी मात्र कधी केली नव्हती. त्यांना फार एकटे वाटले, आणि स्वतःची लाजही वाटली. वाघोलीला जाणारी बस कोथरूडहून मिळते हे त्यांना माहीत होते. पण निकाली निघालेले प्रकरण पुन्हा उघडायचे तर नवा अर्ज लागतो, तो मूळ अर्जदारानेच करायचा असतो. आणि ती तर निघून गेली होती. म्हणून ते टेबल पुसून, दाराकडे तोंड करून बसून राहिले.

आठवडाभरात ही हकिगत सोसायटीत सर्वांना कळली. जिन्यात, लिफ्टमध्ये, पार्किंगमध्ये भीमरावांना थांबवून प्रत्येकाने एकच गोष्ट विचारली, आणि आपणही मघापासून तीच विचारायला टेकला आहात: ती टोपी शेवटी निघाली कशी? तर लिहून घ्या. गरम पाण्यात पिळलेल्या फडक्यात ती पाच मिनिटे धरायची, म्हणजे चिकटवलेले सुटते. मग बाहेरची कड छत्री उलटावी तशी उलटी करायची, आतली नळी भांडी घासायच्या कोरड्या रबरी हातमोज्याने पकडायची, आणि हलके पिळत सरळ ओढायचे. हमखास निघते. शैलाताईंचे म्हणाल, तर त्यांच्याविषयीही सांगण्यासारखे आहे. पण ते अजून कोणी विचारलेले नाही.