एक घर, बारा युनिट

सकाळी दहा ते संध्याकाळी सहा ते पाणीपुरवठा कार्यालयात हेडक्लार्क असत. उरलेला वेळ देशाची अर्थव्यवस्था सांभाळत. भाजीत मीठ कमी पडलं की तुटीवर बोलत, जास्त पडलं की महागाईवर. (मीठ बरोबर पडल्यावर ते काही बोलल्याचं घरात कुणाला आठवत नाही.) त्यामुळे आधी घरानं आणि मग गल्लीनं त्यांचं नाव 'अर्थमंत्री' ठेवलं. हे नाव लोक आदरानं घेतात, अशी त्यांची समजूत होती आणि ती काढून टाकण्याची घाई कुणालाच नव्हती.

तर एका संध्याकाळी अर्थमंत्र्यांनी वर्तमानपत्राची घडी घातली आणि म्हणाले, "ठरलं."

"काय ठरलं?" पत्नीनं विचारलं. ती कढईत मीठ तापवून त्यावर बिस्किटं भाजत होती. या पद्धतीत बिस्किटांची एक बाजू हमखास काळी होते. पाहुण्यांपुढे ती बाजू खाली ठेवायची, हा त्या घरचा शिष्टाचार होता.

"गच्चीवर सोलर बसवायचं. शहाणा माणूस आज सूर्यात पैसा गुंतवतो. इथं लिहिलंय."

"कुठला पैसा?"

हा प्रश्न कुठल्याच अर्थमंत्र्याला आवडत नाही. कारण पैसा होता, पण तो ओव्हनचा होता. दोन वर्षं बाजूला टाकत टाकत जमवलेला.

"ओव्हन म्हणजे खर्च," अर्थमंत्री हळूच म्हणाले. "सोलर म्हणजे गुंतवणूक. रोजची बारा युनिटं! वीज आपली, धूर नाही, बिल नाही. आणि मग ओव्हन काय, दोन ओव्हन घेऊ."

पत्नीनं बिस्किटं उलटली. काळी होती. ती शांतपणे म्हणाली, "बसवा. पण माझी अट आहे. बारा नकोत, महिनाभर रोजची सरासरी दहा दाखवा. दाखवलीत तर मी ओव्हनचं नाव काढणार नाही. नाही दाखवलीत, तर तुमच्या स्कूटरचे साठवलेले पैसे ओव्हनला. आणि जेवताना अर्थव्यवस्था बंद."

"किती दिवस बंद?"

"कायमची."

अर्थमंत्री हसले. सूर्य काही संप करत नाही, एवढं त्यांना ठाऊक होतं.

घरात खात्यांची वाटणी जुनीच होती. अर्थ त्यांच्याकडे, बाकी सगळं पत्नीकडे आणि गच्ची आईकडे. आईचं वय चौऱ्याहत्तर, पण ओल्या कपड्यांची बादली घेऊन ती जिना असा चढायची की जिन्यालाच धाप लागावी. सुनेचे गुडघे दुखत, त्यामुळे ती गच्चीवर जात नसे.

पॅनेलवाला आला, गच्चीभर फिरला आणि नेमका कपड्यांच्या दोरीखाली उभा राहून म्हणाला, "साहेब, सगळ्यात चांगलं ऊन इथं आहे."

"ते मला माहीत आहे," बादली घेऊन उभी असलेली आई म्हणाली. "म्हणून तर दोरी इथं आहे."

दोरी निघाली. ती अर्थमंत्र्यांच्या वडिलांनी बांधलेली होती. वडील जाऊन सहा वर्षं झाली होती, पण दोरी एकदाही सैल पडली नव्हती. आईनं तिचं वेटोळं केलं आणि खाली नेऊन आपल्या कपाटात ठेवलं.

"दोन दिवसांत पलीकडच्या बाजूला बांधून देतो, आई," अर्थमंत्री म्हणाले.

"बरं," आई म्हणाली.

पॅनेलं बसली. सहा. तिरकी, काळीभोर, चकचकीत. जिन्याखाली एक पेटी लागली, तिच्यावर दिवसाचा आकडा दिसायचा. पहिल्या दिवशी अकरा पूर्णांक आठ. दुसऱ्या दिवशी बारा पूर्णांक एक. अर्थमंत्री ऑफिसातून येऊन चप्पल काढायच्या आधी पेटीसमोर उभे राहत. घरात दारांवर, खुर्च्यांवर, टीव्हीच्या कोपऱ्यावर ओले कपडे पसरलेले असत. त्यांतून वाट काढत ते आकडा जाहीर करत आणि बजावत, "ऊन फुकट घालवायचं नाही! गुंतवणुकीचा पुरेपूर वापर झाला पाहिजे."

"आकडा कळला. दोरीचं काय?" आई विचारी.

"उद्या."

आईनं तीनदा विचारलं. चौथ्यांदा विचारलं नाही. अर्थमंत्र्यांना वाटलं, विषय मिटला.

वॉर्डाची निवडणूक महिन्यावर आली होती. नगरसेविका ताईंनी 'सौर वॉर्ड' अशी घोषणा केली होती, पण वॉर्डात सौर म्हणावं असं हे एकच घर. ताई स्वतः आल्या, पेटीवरचा आकडा पाहिला आणि हात जोडून म्हणाल्या, "भाऊ, आता तुमचा आकडा तो माझा आकडा." तिसऱ्या दिवशी चौकात फलक लागला. 'एक घर, बारा युनिट.' खाली ताईंचा फोटो आणि कोपऱ्यात अर्थमंत्र्यांचा. (ओळखपत्रावरचा होता, त्यामुळे ते फरारी वाटत होते.) गल्लीतली बारा घरं नाव नोंदवायला तयार झाली. निवडणुकीत ताईंच्या विरोधात उभे होते ते आधीचे नगरसेवक. त्यांना सगळे 'माजी' म्हणत. त्यांचं हार्डवेअरचं दुकान होतं आणि ते जनरेटर भाड्यानं देत.

नवव्या दिवशी आकडा आला दोन पूर्णांक एक.

अर्थमंत्र्यांनी चष्मा पुसला. मग पेटी पुसली. आकडा तोच राहिला. दहाव्या दिवशीही दोन. त्यांनी पॅनेलवाल्याला फोन लावला.

"वर सावली पडते का काही, साहेब? झाड, टाकी, काही सामान?"

"अहो, गच्ची मोकळी आहे! कपड्यांची दोरीसुद्धा ठेवली नाही मी!"

रविवारी ते दिवसभर गच्चीवर मऊ फडक्यानं काचा पुसत बसले. आकडा बारा. सोमवारी दोन. मध्ये एकदा ताप आला म्हणून ते घरी राहिले, आई दिवसभर त्यांच्या उशाशी बसली. त्या दिवशी अकरा पूर्णांक नऊ. कामावर गेले की पुन्हा दोन.

अर्थमंत्र्यांनी चौकटीच्या कागदावर आलेख काढला. आलेख पाहून त्यांच्या अंगावर काटा आला. मी घरी, तेव्हा वीज. मी ऑफिसात, तेव्हा घातपात!

"माणूस नोकरदार असला पाहिजे," ते जेवताना म्हणाले. "रविवारी सुट्टी घेतो."

"कोण?" पत्नीनं विचारलं.

"ज्याला सोलर खुपतं तो. जनरेटर कोण भाड्यानं देतो?"

"अहो, माजींचं पोट पाहिलंत का? ते आपल्या गच्चीवर चढतील?"

"माणसं पाठवत असतील. अर्थकारणात हितसंबंध असतात." एवढं बोलून त्यांनी आमटी वाढून घेतली. एका गोष्टीचं मात्र समाधान होतं. घरातले ओले कपडे गायब झाले होते, दारं मोकळी झाली होती आणि ऑफिसच्या पँटी अलीकडे कशा कडक मिळत होत्या! घरची शिस्त सुधारत होती.

आलेख ताईंकडे गेला. निवडणुकीच्या काळात असा कागद हाती लागणं म्हणजे आंधळा मागतो एक डोळा आणि देव देतो दोन. दुसऱ्याच दिवशी ताईंचं निवेदन निघालं. 'स्वच्छ ऊर्जेवर दिवसाढवळ्या घाला!' नाव कुणाचं नव्हतं, पण रोख जनरेटरवाल्याकडे होता. बुधवारी दुपारी बारा वाजता प्रत्यक्ष पाहणी, वार्ताहरासमोर. अर्थमंत्र्यांनी अर्ध्या दिवसाची रजा टाकली.

बुधवारी ताई आल्या, फोन उगारून वार्ताहर आला, पॅनेलवाला आला, नाव नोंदवणारी बारा घरं आली. आणि बोलावलेलं नसताना माजीही आले.

"तुम्ही कशाला?" ताई म्हणाल्या.

"आरोप माझ्यावर आहे ना? मग मला बघू द्या मी काय केलंय ते," असं म्हणत माजी धापा टाकत जिना चढू लागले. मागून गुडघे धरत अर्थमंत्र्यांची पत्नीही निघाली. पॅनेलं बसल्यापासून ती पहिल्यांदाच वर जात होती.

अर्थमंत्री सगळ्यांच्या पुढे होते. त्यांनी गच्चीचं दार ढकललं आणि तिथंच थांबले. इतके अचानक, की मागचा वार्ताहर त्यांच्यावर आदळला.

पहिल्या दोन पॅनेलांवर निळ्या फुलांची चादर पसरली होती. तिसऱ्यावर उशांचे अभ्रे, कोपऱ्यांवर खडे ठेवलेले. चौथ्यावर अर्थमंत्र्यांच्या दोन पँटी पाय पसरून उन्हात उताण्या पडल्या होत्या. पाचव्यावर टॉवेल. आणि सहाव्यावर ओळीनं त्यांची सात बनियनं.

टाकीमागून आई बादली घेऊन आली.

"अगंबाई, एवढी माणसं! सांगायचं तरी, चहा टाकून आले असते."

"आई," अर्थमंत्र्यांनी पँटींकडे बोट दाखवलं, "हे काय आहे?"

"कपडे."

"पॅनेलवर?"

"मग कुठं, माझ्या डोक्यावर? दोरी तू काढलीस. आणि तूच म्हणालास ना, ऊन फुकट घालवायचं नाही, गुंतवणुकीचा पुरेपूर वापर झाला पाहिजे? मी केला. काच तापते, उतारानं पाणी निथळतं, दीड तासात पँट कडक. इस्त्रीची वीज वाचली ती वेगळीच."

"मग रविवारी?"

"रविवारी तू फडकं घेऊन यांची सेवा करत बसतोस. मध्ये मी कशाला कडमडू?"

वार्ताहरानं फोन पुढे केला. "आजी, हे कुणाच्या सांगण्यावरून केलंत?"

"माझ्या मुलाच्या," आई अभिमानानं म्हणाली. "तो अर्थमंत्री आहे."

पॅनेलवाला डोकं खाजवत होता. "बाकी सगळं कळलं. पण एवढं झाकूनही रोजची दोन युनिटं कुठून येत होती?"

माजींनी वाकून सहावं पॅनेल न्याहाळलं. मग एक बनियन दोन बोटांत धरून उन्हाकडे उचललं. त्याच्या भोकांतून गच्चीवर उजेडाचे कवडसे पडले.

"इथून," माजी म्हणाले.

सगळ्यात आधी पत्नी हसली. कठड्याला धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मग ताई हसल्या, बारा घरं हसली, आणि वार्ताहराचा फोन इतका हलू लागला की बातमीत फक्त बनियन आणि आकाश आलं.

संध्याकाळी अर्थमंत्री दोरी बांधायला गच्चीवर गेले. आईनं कपाटातून वेटोळं काढून दिलं. त्यांनी पलीकडच्या खांबाला गाठ मारली, ओढून पाहिली, सुटली. पुन्हा मारली; पुन्हा सुटली.

"आण इकडे," आई म्हणाली. तिनं दोन वेढे घेतले, टोक खालून काढलं आणि ओढलं. दोरी ताठ झाली. "त्यांची गाठ अशी असायची."

अर्थमंत्र्यांनी ती गाठ बोटानं चाचपून पाहिली. मग आईनं चिमट्यांचा डबा उघडला आणि म्हणाली, "आता हे उद्यासाठी लावून ठेव."

दुसऱ्या दिवशी आकडा बारा पूर्णांक चार आला, पण महिन्याची सरासरी सात भरली. पैज ती पैज. स्कूटरच्या पैशांचा ओव्हन आला आणि जेवणाच्या ताटावर अर्थव्यवस्था बंद झाली.

आणि ती नेमकी अशा वेळी बंद झाली, की अर्थमंत्र्यांसारख्या माणसाचे हालच व्हावेत. गच्चीवरच्या प्रकारानंतर माजींनी पत्रक काढलं, 'आधी दोरी, मग सोलर!' ताईंनी रातोरात फलक बदलला, 'सोलरसोबत दोरी मोफत!' वॉर्डातल्या दोऱ्या चार दिवसांत संपल्या आणि दुप्पट महागल्या. या महागाईचं मूळ कारण सबंध वॉर्डात एकाच माणसाला नीट समजावून सांगता आलं असतं, आणि तो समोरची आमटी ढवळत गप्प बसला होता. ताई निवडून आल्या. मोफत दोऱ्या माजींच्याच दुकानातून गेल्या, त्यामुळे हरल्याचं दुःख त्यांनाही फारसं झालं नाही. बारा घरांनी सोलर बसवलं. प्रत्येकानं पॅनेलाआधी दोरीची जागा ठरवली, आणि ती दाखवायला आईला मानानं बोलावलं.

पॅनेलवाल्यानं सांगितलं होतं, ओव्हन भर उन्हात लावा, म्हणजे सगळी वीज सूर्याचीच. त्यामुळे बिस्किटं दुपारी बारा ते तीन या वेळात होतात. दोन्ही बाजूंनी सारखी, सोनेरी. या वेळात अर्थमंत्री ऑफिसात असतात.

परवा साडेसहाला आले, चप्पल काढली, आकडा पाहिला आणि बिस्किटांचा डबा उघडला. रिकामा.

"अरे, ठेवली होती तुझ्यासाठी," आई म्हणाली. "पण ताई आल्या. मग पॅनेलवाला आला. मग माजी आले, ते तर दोनदा आले. आणि तूच म्हणायचास ना, गुंतवणूक केली की परताव्याला धीर धरावा लागतो?"

"आई," पत्नी ताटं मांडत म्हणाली, "जेवताना अर्थव्यवस्था नको."

अर्थमंत्र्यांनी उघडलेलं तोंड मिटलं. मग बोट ओलं करून डब्याच्या तळाचा चुरा टिपला आणि खाल्ला. एवढ्या मोठ्या गुंतवणुकीतून त्यांच्या वाट्याला आलेला तो पहिला परतावा; आणि खुसखुशीत होता, हे त्यांना मान्य करावं लागलं.