समुद्राने धरलेला नियम

कार्यालयाच्या स्नेहसंमेलनातल्या नाटकात प्रभू लंकेला जायला समुद्राकडे वाट मागतात तो प्रवेश होता. आलेल्या कागदांवर नंबर टाकणारा आवक कारकून प्रभू, आणि समुद्रदेव साक्षात साहेब. भूमिकांचं वाटप तसं न्यायाचंच म्हणायचं, कारण गेले तीन आठवडे हा गरीब जीव साहेबांच्या दारात असाच ताटकळत होता. आईच्या डोळ्याचं ऑपरेशन परवावर आलेलं, रजेच्या अर्जाचा पत्ता नाही आणि तोंड उघडून विचारायची छाती नाही.

साहेबांनी निळ्या चादरीखाली पडायचं, हेडक्लार्क आणि शिपायाने दोन टोकं हलवून लाटा करायच्या, तिसऱ्या हाकेला साहेबांनी उठायचं. एवढंच काम. पण दुपारचं जेवण अंगावर आलेलं, त्यात वरून चादरीचा वारा. साहेबांचा डोळा लागला.

"समुद्रदेवा, वाट दे." एक झाली, दोन झाल्या, तीन झाल्या. चौथ्या हाकेला चादरीखालून घोरणं आलं.

"जरा जोरात बोल की," लाट हलवत हेडक्लार्क कुजबुजला.

प्रभूंनी धनुष्य उचललं आणि पाठ केलेला संवाद कुठल्या कुठे गेला. "तीन आठवडे दारात उभा आहे मी! आईला समोरचं ताट दिसत नाही, आणि तुम्ही खुशाल झोपा काढता? रजा द्या, नाहीतर सोडतो बाण."

प्रेक्षकांनी टाळ्या वाजवून सभागृह डोक्यावर घेतलं. साहेब धडपडत उठले, मुकुट कानावर आलेला. "कसली रजा?"

"अर्ज ठेवलाय साहेब, तुमच्या टेबलावर." प्रभूंनी धनुष्य खाली केलं.

"तो होय? त्यावर आवक क्रमांक कुठाय? नंबर नसलेल्या कागदाला हात लावायचा नाही, हा नियम कोणी काढला?"

"मीच."

"मग नंबर का नाही टाकलास?"

"आपल्याच कागदावर आपणच नंबर टाकायचा, बरं दिसत नाही ना साहेब. म्हणून तसाच ठेवला."

साहेबांचा आवाज एकदम उतरला. "अरे वेड्या, आईचं आहे म्हणून सांगायचंस तरी. जा, आण तो कागद. इथेच सही करतो."

शिपायाने लाट सोडली आणि धावत वर जाऊन अर्ज आणला. साहेबांनी पेन टेकवलं, तोच प्रभूंनी हळूच कागद मागे ओढला.

"नंबराशिवाय नको साहेब. दोन मिनिटं थांबा, रजिस्टरला चढवून आणतो."

धनुष्य खांद्याला अडकवून प्रभू जिना चढून गेले, आणि समुद्र पेन हातात धरून त्यांची वाट बघत बसला.