उसनं ड्रिल मशीन

तळमजल्यावरची जागा मिळाली तर वडिलांचे गुडघे वाचणार होते, हा झाला चारचौघांत सांगायचा फायदा. न सांगायचा फायदा असा, की गॅसचा सिलिंडर, महिन्याचा किराणा आणि हमखास घरी राहणारी छत्री यांच्यासाठी चौथ्या मजल्यापर्यंत जिना चढणं शास्त्रज्ञाच्या नशिबातून कायमचं सुटणार होतं. इमारतीला लिफ्ट नव्हती. वडील कित्येक महिन्यांत खाली उतरले नव्हते. खिडकीत बसून ते रस्त्यावरच्या माणसांची चाल न्याहाळत आणि कोणाचा कोणता गुडघा गेलाय ते जाहीर करत.

शास्त्रज्ञ हे नाव बायकोनं ठेवलेलं. एरवी तो पाणीपुरवठा कार्यालयात तक्रारींच्या खिडकीवर बसायचा. पण जाता-येता त्याच्या कानात मानसशास्त्राची व्याख्यानं चालू असत, आणि ऐकलेलं वाया घालवायचं नाही हा त्याचा बाणा. चिडलेल्या माणसाचे शेवटचे शब्द आपण परत म्हटले की तो निवळतो, असं त्यानं ऐकलं आणि प्रयोगाला नेमक्या सापडल्या घरमालकीणबाई. बाई निवृत्त मुख्याध्यापिका. खिडकीवर येऊन म्हणाल्या, नळाला पाणी नाही. हा म्हणाला, "पाणी नाही." त्या म्हणाल्या, मी किती वेळा फोन करायचा? हा म्हणाला, "किती वेळा फोन करायचा." शिक्षकांच्या नकला करणारी पोरं ओळखण्यात बाईंची हयात गेली होती. त्या दिवसापासून जिन्यात त्यांची नजर याच्या डोक्यावरून जायला लागली.

तळमजल्याची रिकामी जागा कोणाला द्यायची हे बाईच ठरवणार होत्या, आणि सोमवारी सांगणार होत्या. दुसरा उमेदवार तिसऱ्या मजल्यावरचा दंतवैद्य. त्याला तिथं दवाखाना थाटायचा होता. शिवाय बाईंची कवळी त्यानंच बसवलेली, म्हणजे बाईंचं हसू त्याच्या हातात.

शनिवारी शास्त्रज्ञ नवा सिद्धान्त घेऊन घरी आला. ज्याचं आपल्याशी पटत नाही, त्याच्याकडे एखादी लहानशी मदत मागावी. ती केली की त्याचं मन स्वतःचीच समजूत घालतं: ज्याअर्थी मी याच्यासाठी झिजलो, त्याअर्थी माणूस बरा असणार.

"मग वाटीभर साखर मागा," बायको म्हणाली.

"साखर कोणीही देतं. ज्या वस्तूचा अभिमान आहे, ती मागायची."

बाईंना अभिमान होता ड्रिल मशीनचा. शाळेतला एकूण एक फळा त्यांनी स्वतः भोकं पाडून टांगला होता. रविवारी दुपारी शास्त्रज्ञ मशीन मागायला गेला. बाईंनी त्याला दारातच उभं करून ते धरायचं कसं, जोर कुठं द्यायचा, हे समजावलं आणि मग काम काय ते विचारलं. याचा विचार त्यानं केलाच नव्हता. तोंडाला आलं ते त्यानं सांगितलं, फळी बसवायचीय.

"बसवा," बाई म्हणाल्या. "आवाजावरून कळेलच मला, नीट चालवताय का ते."

घरात फळी नव्हती. पण आवाज झाला नाही तर खोटं उघडं पडणार. "एक भोक पाडा, कॅलेंडर लावू आणि विषय मिटवू," बायको म्हणाली. त्यानं स्वयंपाकघराबाहेरची भिंत निवडली. आधी पांढरी भुकटी आली, मग लाल आली, मग पाणी आलं. बारीक, सरळ धार थेट समोर बसलेल्या वडिलांच्या चष्म्यावर.

वडील घाईनं कधी काही करत नसत. ते उठले, भिंतीपाशी आले, भोकावर अंगठा दाबून उभे राहिले आणि म्हणाले, "तू पाणीखात्यातच आहेस ना रे?"

पाणी तरीही अंगठ्याच्या कडेनं झिरपत होतं आणि भिंतीच्या आतून खाली उतरत होतं. ते बंद करायचा व्हॉल्व्ह तळमजल्यावरच्या रिकाम्या घरात. त्या घराची किल्ली बाईंकडे.

"जा," बायको पुसणं शोधत म्हणाली. "आता दुसरी लहानशी मदत मागा."

तिसऱ्या मजल्यावर दार उघडं होतं. दंतवैद्य आपल्या छताकडे बघत, इतरांना उघडायला सांगतो तसं तोंड उघडून उभा होता. याला पाहताच तो चपला न घालता निघाला. दोघं एकामागोमाग तळमजल्यावर बाईंच्या दाराशी पोचले. पण दम दंतवैद्याचा चांगला होता, म्हणून तोच आधी बोलला. छत गेलं, पलंग भिजला. असल्या माणसाला खालची जागा देणार का?

बाईंनी शास्त्रज्ञाकडे पाहिलं. "पाईप फोडलात?"

"पाईप फोडलात," तो सवयीनं म्हणाला.

जिन्यात वरून ठिबकण्याचा आवाज येऊ लागला होता. शास्त्रज्ञानं डोक्यात सगळी व्याख्यानं चाळली. एकाही व्याख्यात्याच्या भिंतीत नळ नव्हता.

"बाई, घरात फळीच नाही," तो म्हणाला. "तुमचं माझ्याबद्दल मत बदलावं म्हणून मशीन मागितलं. बाबा वर भोकाला अंगठा लावून उभे आहेत. त्यांना फार वेळ उभं राहवत नाही."

बाईंनी किल्ली उचलली, स्वतः जाऊन व्हॉल्व्ह बंद केला आणि कठड्याला धरत, दर मजल्याला थांबत, चौथ्या मजल्यावर आल्या. वडील तसेच उभे होते. गुडघे थरथरत होते, बाही कोपरापर्यंत ओली. सून किती वेळ बाजूला व्हा म्हणत होती.

"काढा आता अंगठा," बाई म्हणाल्या. "बंद केलंय पाणी."

"तुम्ही केलंय ना? की आमच्या चिरंजीवांनी?"

बाई कवळी दिसेपर्यंत हसल्या. मग त्यांनी वडिलांना धरून खुर्चीत बसवलं, गुडघ्यांवर गरम पाण्याची पिशवी ठेवली, पदर खोचून भोक बुजवलं आणि शास्त्रज्ञाला फरशी पुसायला लावली. संध्याकाळी निघताना वडिलांना म्हणाल्या, उद्या पुन्हा येऊन बघते.

सोमवारी निकाल लागला. जागा वडिलांना. एकट्यांना.

"त्या घराची भिंत माझ्या भिंतीला लागून आहे," बाई शास्त्रज्ञाला म्हणाल्या. "तिथं मी तुम्हाला राहू देणार नाही. तुम्ही वरच बरे."

आता सकाळचा चहा खाली जातो, मग पेपर, मग विसरलेला चष्मा, मग जेवण. रिकामी भांडी वर येतात. सिद्धान्त खरा ठरला, असं बायको म्हणते. बाई वडिलांसाठी झिजल्या, म्हणून वडील बाईंना आवडले. आणि शास्त्रज्ञाचंही वडिलांशी पूर्वी एवढं कुठं पटत होतं?

हिशेब असा झाला. वडिलांना अंगण मिळालं, बाईंना पत्त्यांना भिडू मिळाला, दंतवैद्याचं छत शास्त्रज्ञानं स्वतः शिडीवर चढून रंगवून दिलं. काल तो जेवणाचा डबा घेऊन उतरला, तेव्हा अंगणात डाव रंगात आला होता. वडिलांनी पत्त्यांवरून मान वर करून त्याच्या चालीकडे एकदाच पाहिलं.

"उजवा गेला," ते बाईंना म्हणाले, आणि पान टाकलं.