भरारी, वज्र आणि भरलं वांगं

बारा वर्षांपूर्वी, श्रावणातल्या पहिल्या शुक्रवारी कुमुदनं वांगं सोडलं आणि भरारी कंपनीची शर्यतीची गाडी ताशी अकरा किलोमीटरनं वेगवान झाली. तिनं देवीजवळ एवढंच मागितलं होतं, की नव्या गाड्या चालवून बघणारा आपला नवरा दिगंबर सुखरूप घरी येऊ दे. दिगंबर सुखरूप आला, फक्त नेहमीपेक्षा लवकर आला. कंपनीच्या कामगिरी खात्यानं चौकशी केली, तेव्हा वांगं सापडलं.

तेव्हापासून वेग वाढला की कुमुदची काळजी वाढायची, काळजी वाढली की ती आणखी काही सोडायची, आणि सोडलं की वेग वाढायचा. दही गेलं, चहा गेला, भात गेला. कुंपणापलीकडे वज्र कंपनीची वसाहत होती. तिथली गाडी चालवणाऱ्या राजाभाऊंची बायको हेमांगी, तिचंही हेच. गाड्या दोन, चाचणीचा रस्ता मात्र एकच.

बुधवारी कामगिरी खात्याचे देवस्थळी साहेब घरी आले.

"वहिनी, वज्रवाल्या हेमांगीबाईंनी काल मीठ सोडलं," दारात चपला काढत ते म्हणाले. "त्यांची गाडी चारशे दहावर गेली. आपल्याला शुक्रवारी चारशे वीस हवेत."

कुमुदनं पाण्याचा तांब्या पुढे केला. "देवळाजवळचं वळण झेपेल का इतक्या वेगात?"

"नाही झेपणार. वळणाला पत्र पाठवलंय. उत्तर आलेलं नाही."

मग त्यांनी जाहिरातीचा कागद उलगडला. वज्रच्या फलकावर राजाभाऊ एका हातानं गाडी चालवत दुसऱ्या हातानं मिशी पिळत होते. त्याला उत्तर म्हणून भरारीनं या कागदावर दिगंबरला डोळे मिटून चाकामागे बसवलं होतं.

"हे फोटोपुरतंच ना?" कुमुदनं विचारलं.

"तसं कसं? जाहिरातीत एक आणि रस्त्यावर दुसरं, हे आपल्या नावाला शोभत नाही. शुक्रवारी दहा वाजता वज्रच्या गाडीबरोबर डोळे मिटूनच चालवणार. लोकांचा विश्वास आहे आपल्यावर." साहेबांनी अर्ज पुढे सरकवला. त्यावर 'मीठ' आधीच छापलेलं होतं. "शुक्रवारी सकाळपर्यंत सही द्या."

त्या संध्याकाळी दिगंबर डोळे मिटूनच जेवायला बसला. त्याचा घास आमटीऐवजी पाण्याच्या भांड्यात बुडत होता.

"अहो, उघडा ना डोळे."

"सराव करतोय," तो म्हणाला. मग जरा थांबून हळूच म्हणाला, "आणि उघडले की मला वळण दिसतं गं."

कुमुदनं त्याचा हात धरून आमटीच्या वाटीत नेला. देवासमोर बसली तेव्हा तिला आपली चूक कळली. बारा वर्षं ती नेम धरत गेली होती, उद्यापन एकाचंही केलं नव्हतं. धरलेलं सोडवायला हवं. पण एकटीनं सोडवलं तर भरारीची गाडी मंद होणार आणि मागून वज्रची तिच्यावर येणार. दोघींनी एका वेळी सोडवायला हवं. आणि उद्यापनाचा पहिला घास सवाष्णीच्या तोंडी. दोन कंपन्यांच्या बायकांनी एकमेकींकडे हळदीकुंकवालासुद्धा जायचं नाही, असा मात्र नियम होता.

शुक्रवारी तिनं अर्जावर सही केलीच नाही. भरली वांगी केली, भात लावला, पावणेदहाला कुंपणाच्या फटीतून पलीकडे गेली.

हेमांगीनं दार अर्धंच उघडलं. "भरारीवाल्या ना तुम्ही? तुमच्या या वांग्यापायी आमच्या ह्यांची दोन वर्षं बढती अडली."

"मग खाऊन टाका ते," कुमुद म्हणाली. "दोघी एकाच वेळी उद्यापन करू. तुम्ही मला मीठ भरवा, मी तुम्हाला वांगं भरवते. माझं कपाळ बघा, घामानं कुंकू ओघळायला लागलंय. घास तोंडात जाईपर्यंत दोघी सवाष्णी राहायला हव्यात."

तेवढ्यात दोन्ही इंजिनं सुरू झाली. मांडणीवरची भांडी थरथरली. हेमांगीनं दार पूर्ण उघडलं आणि मिठाचा डबा खाली घेतला.

कुमुदनं वांग्याचा पहिला घास पुढे केला. हेमांगीनं तिचं मनगट धरून तो आपल्या तोंडात घातला आणि तिच्या जिभेवर चिमूटभर मीठ ठेवलं. बाहेरचा आवाज देवळाकडे निघाला. भात, दही, साखर, चहा. दोघी रडत, ठसकत एकमेकींना भरवत राहिल्या. आवाज वळणाशी पोचला आणि बंद झाला.

दोघींनी चावणं थांबवलं. खरकट्या हातांनीच त्या बाहेर आल्या.

मग फाटकातून दोन्ही गाड्या आल्या, शेजारी शेजारी, इतक्या हळू की एक म्हातारी कुत्री त्यांच्या पुढे चालत होती. राजाभाऊंचे दोन्ही हात चाकावर होते. दिगंबरचे डोळे उघडे होते.

पुढच्या सोमवारी भरारीचा नवा फलक लागला: 'घरी पोचते.' मंगळवारी वज्रचा लागला: 'आमचीही.' देवस्थळी साहेब नवा अर्ज घेऊन आले. वहिनी आणखी काय काय खाऊ शकतील, एवढंच त्यांना हवं होतं.

वळणाचं उत्तर अजून आलेलं नाही. म्हणून ऐकणाऱ्या बाई, तुझ्या घरचं माणूस वेगाच्या चाकरीत असेल, तर तूही एवढं कर. सोडलेलं एक तरी आज रांध, कुंपणापलीकडच्या सवाष्णीला आधी भरव, मग आपण खा. आणि मीठ बेताचं घाल, पण घाल.