तळचा गिलास

लग्नाच्या मांडवात शिरले की गजाननराव वधूवरांआधी सरबताच्या पिंपाला भेटायचे. पिंपाला बाहेरून हात लावायचे, आत वाकून वास घ्यायचे आणि मागे येऊन खुर्ची अडवून बसायचे. ट्रे समोर आला की हात जोडून नम्रपणे "नंतर" म्हणायचे. नवख्याला वाटे, काय संकोची गृहस्थ आहे! पण तो संकोच नव्हता, अभ्यास होता.

धरमपेठेत आमची आणि त्यांची भिंत एकच. गजाननराव सरकारी कचेरीत हेडक्लार्क होते. बायको लवकर गेली, घरात ते आणि मुलगी कुमुद. त्या काळी आमच्या गल्लीत फ्रिज कोणाकडेच नव्हता, आणि नागपूरची लग्नं नेमकी भर मे महिन्यात. त्यामुळे मांडवात बर्फ घातलेलं सरबत हवं तेवढं मिळे, आणि गजाननराव लग्नाला जात ते त्यासाठीच. पंगतीत दोन पुऱ्या चिवडून उठत. म्हणत, "जेवण घरी बी भेटते गा. बर्फाचं सरबत घरी कोण पाजते?"

त्यांचं शास्त्र पक्कं होतं. पहिली फेरी सोडायची, कारण साखर खाली बसलेली असते आणि वरच्या गिलासात नुसतं रंगीत पाणी येतं. मध्येच भजं, चिवडा खायचा नाही, उगाच जागा अडते. बर्फ विरघळेपर्यंत गप्पा मारत बसणाऱ्याची तर त्यांना कीव येई. आमच्यासारखा कोणी घाईने हात पुढे करू लागला की ते मनगट धरत. "सबर ठेव गा, सबर. खरी मजा तळाले असते."

मी थट्टा करायचो. पण एका लग्नात त्यांचं ऐकून थांबलो आणि तळचं वाळ्याचं सरबत प्यालो, तेव्हा थट्टा बंद झाली. हळूहळू सगळी गल्ली त्यांची चेली झाली. कोणाच्याही लग्नात आम्ही मागच्या रांगेत हात जोडून बसायचो आणि यजमान बिचारे आमचा रुसवा काढायला धावायचे.

मग कुमुदचं लग्न ठरलं. दागिने, मानपान यांची काळजी त्यांनी बहिणीवर टाकली. स्वतः धरून बसले एकच गोष्ट. "आजवर लोकाइच्या मांडवात पेलो गा. माह्या मांडवातून कोणी तहानलेलं जाऊ नये." कैऱ्या स्वतः निवडून आणल्या, स्वतः उकडल्या आणि लग्नाच्या दिवशी पहाटेपासून पितळी पिंपात पन्हं ढवळत उभे राहिले. पाहुणे तृप्त होईपर्यंत आपण थेंब घ्यायचा नाही, असंही ठरवून टाकलं.

मांडव भरला. ट्रे निघाले. शेजारीपाजारी, कचेरीतली मंडळी, सगळ्यांनी हात जोडले आणि म्हणाले, "नंतर." ट्रे भरलेले परत आले. गजाननराव स्वतः ट्रे घेऊन फिरले, तरी तेच. ते पाहून वरपक्षाच्या मामा-काकांनीही हातातले गिलास खाली ठेवले. मुलीकडचेच लोक शिवत नाहीत म्हणजे पन्ह्यात काहीतरी बिघडलंय, अशी कुजबुज सुरू झाली.

गजाननरावांनी मला मांडवामागे ओढलं. चेहरा उतरला होता. "काहून नाही घेऊन राहिले गा लोक? मी जनमभर दुसऱ्याचं पेलो, म्हणून माह्या घरचं कोणाले नको काय?"

मला हसू येत होतं आणि त्यांचे भरलेले डोळे बघवत नव्हते. म्हटलं, "गजाननराव, सगळे तळाची वाट पाहून राहिले. तुम्हीच तर शिकवलं."

त्यांनी कपाळावर हात मारून घेतला. मग म्हणाले, "अरे पण म्या पहाटेपासून ढवळून राहिलो. वरचं अन् तळचं एकच आहे."

मी मांडवात जाऊन सगळ्यांदेखत एक गिलास गटागटा रिचवला आणि ही बातमी सांगितली. सगळी गल्ली एकदम उठली. मागोमाग मामा-काकाही उठले. थोड्याच वेळात पिंप कलंडवून गिलास भरावे लागले. गजाननराव सारखे आत डोकावून बघत होते आणि दिसेल त्याला सांगत होते की तळ लागला.

संध्याकाळी कुमुद सासरी गेली. मांडव रिकामा झाला आणि ते ओट्यावर टेकले. दिवसभर त्यांच्या पोटात थेंब नव्हता हे मला तेव्हा आठवलं, आणि पिंप तर कोरडं. तेवढ्यात माझी बायको आतून ताटली झाकलेला गिलास घेऊन आली. पहाटे कुमुदने सगळ्यांआधी तो भरून ठेवला होता आणि हिला बजावलं होतं, बाबा दिवसभर घेणार नाहीत, सगळे गेले की द्या.

बर्फ नाही, पन्हं कोमट झालेलं. त्यांच्या शास्त्राप्रमाणे हात जोडून परत करण्यासारखं. त्यांनी गिलास दोन्ही हातांत धरला.

"पहिला हाय ना गा हा?"

मी हो म्हणालो. ते अगदी सावकाश प्याले. मध्ये एकदा बाहीने डोळे पुसले. तळाशी घोटभर उरलं तेव्हा थांबले आणि गिलास माझ्या बायकोकडे दिला. "तळचं कुमुदले राहू द्या. उद्या मांडवपरतणीले माहेरी येईन थे पोरगी."

मे महिन्यात ते पन्हं उद्यापर्यंत टिकणार नव्हतं, हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक असणार? माझ्या बायकोने गिलासावर ताटली झाकली आणि तो माठाखालच्या ओल्या वाळूत नीट रोवून ठेवला.