बख्तावर मासीची फेरपरीक्षा

राष्ट्र आधी जन्माला येतं आणि आपण कशासाठी जन्मलो याचा तपास नंतर सुरू करतं. माणसाचंही तसंच असतं. फरक एवढाच, की माणूस हा तपास आजारपणात पडल्या पडल्या उरकतो आणि राष्ट्राला त्यासाठी संचालनालय काढावं लागतं. आमचं लाहोरचं राष्ट्रीय विचारमूळ पडताळणी संचालनालय असंच निघालं. इंग्रज जाऊन तेव्हा पस्तीस वर्षं झाली होती आणि एवढ्या काळात देश का झाला हे कुणी नीट लिहून ठेवलेलं नाही, असं वरच्या लोकांच्या अचानक लक्षात आलं. (लिहून ठेवलं होतं, पण प्रत्येकाने वेगळं.) मी तिथे हेडक्लार्क होतो. इतकं शिस्तीचं कार्यालय मी दुसरं पाहिलेलं नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

पहिलं काम होतं मुळाची तारीख ठरवण्याचं. संचालक प्रोफेसर इक्तिदार साहेब यांचं मत, की वेगळ्या देशाचा ठराव झाला ते वर्ष धरावं. सदस्य मौलाना रहमानी म्हणाले, ठराव म्हणजे नुसता कागद. खरं मूळ तेराशे वर्षांमागचं, सिंधच्या किनाऱ्यावर अरबांचा पहिला घोडा उतरला त्या दिवशीचं. तिसरे सदस्य निवृत्त ब्रिगेडियर खटक साहेब. त्यांनी तिथल्या तिथे नोंद करायला लावली, की घोडा होता म्हणजे घोडदळ होतं, अर्थात देशाच्या आधी फौज होती. यावर कुणाचाही मतभेद झाला नाही. (ब्रिगेडियर साहेब मतभेदाची वाट पाहत चहा संपेपर्यंत उभे होते.) पुढच्या वर्षी एका तरुण संशोधकाने मोहेंजोदडोची गटारं मोजून आणली आणि इतकी स्वच्छ गटारं बांधणारी माणसं मनाने आपलीच असणार, असा निबंध वाचला. त्याला बढती मिळाली. मूळ इतक्या वेगाने मागे सरकत होतं, की पाठ्यपुस्तक छापून येईपर्यंत जुनं झालेलं असायचं.

उद्देशाच्या बाबतीत मात्र लवकर एकमत झालं. देश का झाला, याचं आदर्श उत्तर नऊ मुद्द्यांत तयार करण्यात आलं. पहिला मुद्दा, आम्ही वेगळे होतो. दुसरा, आम्ही पहिल्यापासूनच वेगळे होतो. तिसरा, हे आम्हा सर्वांना ठाऊक होतं. चौथा, म्हणून आम्ही हसतमुखाने, मागे वळून न पाहता निघालो. पाचव्यापासून आठव्यापर्यंत हेच चार मुद्दे जड शब्दांत होते. नववा असा, की ज्याला शंका येईल त्याचा हेतू तपासावा.

मग साक्षीदार शोधणं आलं. सरकारने जाहीर केलं, की ज्यांनी देश घडताना प्रत्यक्ष पाहिला त्यांना तोंडी परीक्षा घेऊन साक्षीदार-प्रमाणपत्र देण्यात येईल आणि प्रमाणपत्रधारकाच्या दुकानाला, टपरीला किंवा ओट्याला नगरपालिका अतिक्रमण म्हणून हात लावणार नाही. पहिल्या वर्षी दोनशे बारा अर्ज आले. त्यांतले एकसष्ट लोक सत्तेचाळीस साली खरोखरच रस्त्यावर होते. त्यांतले चार पास झाले. उरलेले एकशे एक्कावन्न सत्तेचाळीसनंतर जन्मले होते. त्यांतले एकशे एकोणपन्नास पास झाले. (दोघांना त्या दिवशी ताप होता.) प्रोफेसर साहेबांनी अहवालात लिहिलं, की प्रत्यक्ष पाहिल्यामुळे माणसाच्या आकलनात अडथळा येतो, असं दिसतं.

या अडथळा आलेल्यांत बख्तावर मासी होती.

कूचा कंदीलगरां या आमच्या गल्लीच्या तोंडाशी मासीचा तंदूर होता. गल्लीतल्या बायका घरून कणकेचे गोळे आणायच्या आणि मासी ते भाजून द्यायची. ज्यांच्या घरात बाई नाही त्यांना स्वतःच्या पिठाच्या रोट्या द्यायची. मी दुसऱ्या प्रकारातला, बारा वर्षं. नवरा जाऊन तिला वीस वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं, तंदूर होता. त्या वर्षी गल्ली रुंद करायचं निघालं आणि नकाशावर तंदुराच्या जागी लाल फुली पडली. मासी आमच्याकडे अर्ज घेऊन आली.

परीक्षा मंडळासमोर ती खुर्चीच्या कडेवर बसली. प्रोफेसर साहेबांनी सौम्यपणे सुरुवात केली.

"बाई, राष्ट्राचा विचार आपल्यापर्यंत केव्हा पोचला?"

"मंगळवारी. दुपारी."

"कुणामार्फत?"

"जगीरा घेऊन आला. बैलगाडीसकट."

"हे जगीर साहेब पक्षाचे होते का?"

"कसला पक्ष? शेजारचा शीख तो. म्हणाला, बख्ते, चढ गाडीत, आज गावाचं काही खरं नाही. चार दिवस छावणीत राहा, मग मीच आणतो परत."

ब्रिगेडियर साहेबांनी घसा साफ केला. "निघताना उद्दिष्ट काय होतं?"

"तो म्हणाला चार दिवस. मी मनात म्हटलं, संध्याकाळपर्यंत येऊ. कणीक भिजवून ठेवली होती."

"बरोबर कोण कोण होतं?" मौलानांनी विचारलं.

"नवरा होता," मासी म्हणाली. ओढणीचं टोक तिने दोनदा बोटाला गुंडाळलं आणि सोडलं. "बस. एवढेच."

तिला शंभरात अकरा गुण पडले. पाच हजर राहिल्याचे आणि सहा डोक्यावरून ओढणी न ढळल्याचे. शेऱ्यात लिहिलं गेलं, की उमेदवाराला या घटनेची काहीच माहिती नाही.

फेरपरीक्षेची सोय होती. नियमानुसार मी कुणाला शिकवणं योग्य नव्हतं, पण तंदूर गेला असता तर मी काय खाल्लं असतं याचा नियमांत विचार केलेला नव्हता. मी रोज संध्याकाळी रांगेत उभा राहून मासीला नऊ मुद्दे सांगू लागलो. तिला वाचता येत नव्हतं, पण गल्लीतल्या चाळीस घरांच्या रोट्या ती बोटांवर न मोजता लक्षात ठेवायची. तिने एका रोटीला एक मुद्दा लावला. पहिला मुद्दा म्हणत रोटी आत थापायची, दुसरा म्हणत दुसरी. रांगेतल्या बायकांनाही पाठ झालं.

"मासी, तिसरा खाल्लास," मागून कुणीतरी ओरडायचं.

"खाल्ला नाही गं, करपला. पुन्हा घेते."

"आणि चौथ्याला जरा हस की. हसतमुखाने म्हटलंय त्यात."

एकदा रांग संपल्यावर ती मला म्हणाली, "मुन्शी, तुमचं हे बरं आहे रे. यात कुणी मरत नाही, कुणी हरवत नाही. सगळे आपले निघाले आणि पोचले." मी म्हटलं, आदर्श उत्तर असंच असतं.

फेरपरीक्षेत तिने नऊच्या नऊ मुद्दे एका दमात म्हणून दाखवले. मौलानांच्या डोळ्यांत पाणी आलं. सत्त्याण्णव गुण पडले. (पूर्ण शंभर फक्त ब्रिगेडियर साहेबांना पडलेले होते आणि तो शिरस्ता मोडायचा नव्हता.) प्रमाणपत्र चौकटीत बसवून तंदुरामागच्या भिंतीवर लागलं. नगरपालिकेची माणसं आली, ते वाचलं, मासीला सलाम केला आणि जाताना सोळा रोट्या घेऊन गेली. पुढे वर्षभर संचालनालयाने मासीला सतरा शाळांत पाठवलं. पोरांसमोर ती नऊ मुद्दे म्हणायची आणि पोरं टाळ्या वाजवायची. आमच्याकडे तिच्याइतका चांगला साक्षीदार दुसरा नव्हता आणि तंदूर कधी नव्हता इतका सुरक्षित होता.

मग ते पत्र आलं. ज्या पत्रात 'सत्तेचाळीस' हा शब्द असेल ते दोन्ही सरकारांच्या टपालातून फिरत शेवटी आमच्या टेबलावर यायचं. हे सरहद्दीपलीकडच्या होशियारपूरहून आलं होतं. एका बाईने कुणाकडून तरी लिहून घेतलं होतं: 'माझं नाव आता शरण कौर. आधी शरीफां. मी बहिणीला शोधते आहे, बख्तावर तिचं नाव. लाहोरात असली तर रोट्या भाजत असेल, दुसरं काही तिला येत नव्हतं. ती खरीच माझी बहीण असेल तर मी त्या दिवशी गाडीतून का उतरले हे तिला माहीत असेल. तिलाच माहीत आहे.'

मासीला बोलावणं गेलं. प्रोफेसर साहेब माणूस वाईट नव्हते. त्यांनी तिला पत्र वाचून दाखवलं, पाणी दिलं आणि नियम समजावून सांगितला, की प्रमाणित साक्षीदाराचा कोणताही नवा जबाब आदर्श उत्तराशी विसंगत निघाला तर प्रमाणपत्र आपोआप रद्द होतं.

"तेव्हा हे पाहा बाई," ते म्हणाले, "चौथ्या मुद्द्यात कुणी मागे वळलेलं नाही. म्हणजे कुणी गाडीतून उतरलेलंही नाही. म्हणजे ही बाई तुमची बहीण असू शकत नाही. हे कसं सरळ आहे. 'ओळखत नाही' इथे अंगठा उठवा. तंदुराला धक्का लागणार नाही."

मासीने तो कागद बाजूला सरकवला. मग माझ्याकडे वळली.

"मुन्शी, तुझ्या नऊ मुद्द्यांत वासरू कुठे बसेल का रे?"

मी प्रामाणिकपणे नऊही मुद्दे पुन्हा वाचले. बसत नव्हतं.

"मग राहू दे ते मुद्दे," ती म्हणाली. "लिही. वासरू दाव्याला बांधलेलंच राहिलं होतं. गाडी वेशीपर्यंत आली तेव्हा मला आठवलं. मी म्हटलं, शरीफां, पळत जा, सोडून ये, नाहीतर उपाशी मरेल ते. मी पाठवलं तिला. तेरा वर्षांची होती. ती आत गेली आणि पलीकडून लोक आले. जगीऱ्याने बैल पिटाळले. मी त्याला थांब म्हटलं नाही." ती माझ्या लेखणीकडे बघत होती. "नवऱ्यालासुद्धा सांगत आले, की ती आपल्या मनाने उतरली. मीच पाठवलं होतं. लिहिलंस का?"

मी लिहिलं. मला रडू आलं, तेही कार्यालयीन वेळेत. मौलाना खिडकीकडे गेले. ब्रिगेडियर साहेब म्हणाले, "पण बाई, एका वासरासाठी?"

"तेव्हा ते वासरूच होतं, साहेब," मासी म्हणाली. "देश आहे हे मला छावणीत कळलं."

प्रमाणपत्र सोमवारी रद्द झालं. गुरुवारी नगरपालिकेची माणसं आली. आधी त्यांनी रोट्या खाल्ल्या, मग तंदूर फोडला. मासीने त्यांना एवढंच विचारलं, की माती घेऊन जाऊ का, आणि घमेलंभर माती घरी नेली. बहिणीचं उत्तर माझ्या सहीने रवाना झालं. फाइलमध्ये साक्षीदाराचं वैध प्रमाणपत्र नसल्यामुळे त्याला फक्त चौदा महिने लागले.

परवा शरीफांचं दुसरं पत्र आलं. लाहोरला येण्यासाठी तिने तिकडच्या सरकारकडे अर्ज केला होता. तिकडेही असं एक कार्यालय आहे. (इमारत आमच्यापेक्षा चांगली आहे म्हणे.) तिथल्या साहेबांनी तिला बसवून घेतलं आणि विचारलं, बाई, सत्तेचाळीस साली सगळे गेले, तुम्ही या देशात का राहिलात? उत्तरासाठी त्यांच्याकडेही छापील मुद्दे होते. ती म्हणाली, वासरू सोडायला गेले होते. तिला अकराच गुण पडले, अर्ज विचाराधीन आहे. दोन्ही देशांच्या परीक्षकांनी एकमेकांना न विचारता सारखेच गुण द्यावेत, ही गोष्ट प्रोफेसर साहेबांना फार समाधानाची वाटली. त्यांनी ती वार्षिक अहवालात घेतली आहे.

मासी दर मंगळवारी येऊन आमच्या दारातल्या बाकावर बसते आणि बहिणीचं काय झालं म्हणून विचारते. मी विचाराधीन म्हणून सांगतो.

आता तुमचं. वाचताना तुम्ही आमच्या संचालनालयाला हसला असाल, तर हरकत नाही, हसण्याचे गुण आम्ही कापत नाही. पण एक प्रश्न सगळ्यांनाच विचारावा लागतो. तुमचा देश कशासाठी झाला? उत्तर मुद्देसूद असेल आणि माझा प्रश्न संपायच्या आत तयार असेल, तर अभिनंदन. तुमची परीक्षा लहानपणीच झालेली आहे, प्रमाणपत्र टपालाने येईल. आणि उत्तर देण्याआधी तुमच्या घरातलं कुणी एखादं माणूस आठवून तुम्ही जर गप्प झाला असाल, तर तुम्ही नापास आहात. या, मासीने बाकावर थोडं सरकून जागा केली आहे.