बळी भात

पाटी वर चढली तेव्हा शकुबाई चुलीपाशी होती. पदराला हात पुसत ती बाहेर आली, मान वर करून एकेक अक्षर जुळवत तिनं पाटी वाचली आणि तिचा चेहराच उतरला.

"शंकरसिंग, हे काय लिवलं?"

"बळी भात," पेंटर शिडीवरूनच म्हणाला. "अक्षर बघा कसं ठसठशीत आलं!"

"म्या बाली म्हणले व्हते. बा-ली."

"ती तुमच्या बोलण्यातली चूक व्हती. म्या सुधारली. सुधारल्याचे पैसे मागत न्हाई."

हिंगोलीत पेंटर चार होते, पण दुसऱ्याचं शुद्धलेखन बघवत नाही असा शंकरसिंग एकटाच. गावच्या भिंतींवर कुटुंबनियोजनाचे लाल त्रिकोण त्यानंच रंगवले होते, आणि सरकारी मजकुरातल्यासुद्धा दोन वेलांट्या आपण बदलल्या, हे तो चहा पिताना हमखास सांगायचा. अशा माणसापुढं खानावळवाली बाई काय बोलणार!

"अवो, बाली म्हणून बेट हाय. समुद्रात. मपला भाऊ जाऊन आला तिथं."

"समुद्रात असंल. हिंगोलीत न्हाई. हितं बळीराजा हाय. शेतकरी एसटीतून उतरंल, पाटी वाचंल, म्हणंल, आपल्या राजाचा भात! बराबर हाय का न्हाई?"

शकुबाईला क्षणभर ते बरोबरच वाटलं. गरज असली की माणसाला पुष्कळ गोष्टी बरोबर वाटतात.

तिची गरज तरी केवढी! स्टँडसमोरची ही पत्र्याची खानावळ नवऱ्यामागं तिनं एकटीनं चालवली होती. दुष्काळात, लोक सरकारी सुकडी खाऊन जगत होते तेव्हासुद्धा चूल विझली नव्हती. आणि आता सुगी बरी आली, तर पलीकडं नवं हॉटेल उघडलं. त्यात पंखा, रेडिओ, काचेच्या कपाटात बालुशाही. शकुबाईची पिठलं-भाकर खाणारी माणसं एकेक करून पंख्याखाली गेली. डोंगरकडा गावाहून जाऊ निरोप धाडत होती, "खोली झाडून ठिवली, या." त्या झाडलेल्या खोलीची शकुबाईला धडकी भरायची. तिथं जायचं म्हणजे कोपऱ्यात बसायचं आणि भाकरी वाढून मिळेपर्यंत गप राहायचं. दिवाळीपर्यंत खानावळ सावरली तर ठीक, नाहीतर ती खोली.

अशात भाऊ आला, सोनाजी. मुंबईच्या गोदीतून तो जहाजावर भांडी घासायला चढला आणि होता होता स्वयंपाकी झाला. सुट्टीत त्यानं बहिणीच्या चुलीवर एक नवाच पदार्थ केला. मधोमध हळदीच्या पिवळ्या भाताची मूद आणि भोवती सगळ्याचं थोडं थोडं. उकडलेलं अर्धं अंडं, खोबऱ्यात परतलेल्या शेंगा, तळलेले शेंगदाणे, मिरचीचा लाल ठेचा, लिंबाची फोड. शकुबाईनं घास घेतला आणि डोळेच मिटले. एकाच पत्रावळीवर चार घरची जेवणं जेवल्यासारखं झालं तिला.

"याला म्हणत्यात काय?"

"नासी चांपुर."

"नासी? अरे, नासका भात म्हणून कोण खाईल हितं!"

"मग बालीचा भात म्हण. सगळं थोडं थोडं लागतंय, स्वस्तात पडंल. गरिबाचं पोट भरंल अन् जिभेलाबी मजा." एवढं सांगून सोनाजी जहाजावर गेला, आणि बालीचा भात शंकरसिंगच्या ब्रशाखाली सापडला.

पहिलं गिऱ्हाईक शिरड शहापूरचे अमृतराव. तहसीलच्या कामाला आलेले. पाटी वाचून ते जरा थबकले, पण भूक असावी, बाकावर बसले. शकुबाईनं हौसेनं मूद पाडली, अंडं मांडलं, लिंबू ठेवलं, वर एक तळलेली लाल मिरची खोचली आणि पत्रावळ त्यांच्यापुढं ठेवली. अमृतरावांनी ती पाहिली आणि दोन्ही पाय वर बाकावर घेतले.

"बाई, हे कुणावरून उतरवलं?"

"चुलीवरून. आत्ताच उतरवलं, गरम हाय."

"मस्करी करू नगा. पिवळा भात, अंडं, लिंबू, खोबरं, लाल मिरची! चौरस्त्यावर ठिवत्यात तसा उतारा मपल्यापुढं काहून मांडला? म्या काय वाकडं केलं तुमचं?"

"अवो, जेवण हाय ते!"

"वर पाटीच लावली की तुमी, बळी म्हणून!"

बाकावरून ते थेट दाराबाहेर गेले. उताऱ्यापासून जाताना मागं बघायचं नसतं, म्हणून चपलासुद्धा न घेता गेले. शकुबाई चपला हातात घेऊन हाका मारत मागं धावली, तसे ते आणखी जोरात पळाले. भर स्टँडवर हे दृश्य दोन एसटी भरून लोकांनी पाहिलं. मग काय विचारता!

मंगळवारच्या बाजारापर्यंत गावभर झालं. कुणी खानावळीवरून जाईना. जाणारे पलीकडच्या अंगानं, नवऱ्या मुलीसारखे खाली बघत जायचे. शकुबाई ओट्यावर बसून ते बघायची आणि तिला रडू येई की हसू, हेच कळत नसे.

आणि एके सकाळी पगडीवाला एक म्हातारा दारात उभा राहिला. आत पाऊल न टाकता म्हणाला, "तयार भेटतो म्हणे? एक बांधून द्या. म्हशीनं दूध चोरलंय."

शकुबाईला आधी पुरतं कळलंच नाही. गिऱ्हाईक आलं एवढंच कळलं. तिनं बांधून दिला. दुपारी आणखी दोघं आले. दुसऱ्या दिवशी रांग. घरी उताऱ्याचे जिन्नस गोळा करायची तकलीफ कोण घेणार? हितं सगळं एका पत्रावळीत, ताजं, आणि स्वस्त! चूल धडधडून पेटली. शकुबाईला वाटलं, सुटले. मग एका बाईनं विचारलं, "चौरस्त्यावर तोंड कुणीकडं करून ठिवायचा वो?"

शकुबाईचा हात जागीच थांबला. छप्पन साली बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तेव्हा तिच्या बापानं घरातले देव टोपलीत भरून कयाधू नदीत सोडले होते. ती काठावर उभी होती. "आजपासून ओवाळणं न्हाई, उतरवणं न्हाई," बाप म्हणाला होता. आणि त्याची लेक आज उतारे विकून पोट भरत होती! तिला स्वतःचीच शरम वाटली. बरं, भाताचं तरी काय होत होतं? चौरस्त्यावरची कुत्री तेवढी तुकतुकीत झाली होती. माणसानं एक घास खाल्ला नव्हता.

"भात हितं बसून खायचा," तिनं दुसऱ्या दिवशी जाहीर केलं. "बांधून भेटणार न्हाई."

रांग मोडली. एकटी लक्ष्मीबाई तेवढी हटेना. पुसेगावची म्हातारी, कडेला दोन-अडीच वर्षांची नात.

"चार दिस झाले, लेकरू काहीच खाईना. नजर लागली हो. एवढा एक द्या, मग कुणाला देऊ नगा."

"आजी, ओवाळून काय व्हतंय? भरवून बघा."

"भाकर थुकतंय, दूध थुकतंय. उतारा खाईल व्हय?"

"उतारा न्हाई म्हणते ना!"

"मग वर लिवलंय काय?"

"ते शंकरसिंगला विचारा!"

दोघींची अशी जुंपली असताना नात कडेवरून खाली घसरली. बाकावर भरलेली पत्रावळ होती. पोरीनं आधी एक शेंगदाणा उचलला, मग दुसरा. मग अंड्याचा पिवळा बलक. मग दोन्ही हातांनी भात. भांडण थांबलं तेव्हा मूद अर्धी झाली होती.

"अगं बाई!" लक्ष्मीबाई किंचाळली. "आपली नजर आपणच खाल्ली की हिनं!"

पोर खुदकन हसली आणि लिंबाची फोड चोखू लागली. म्हातारी मटकन बसली. रडली, हसली, पोरीचे मुके घेतले. शकुबाई म्हणाली, "तुमीबी घ्या दोन घास." तशी ती सावरून बसली. "मला आज उपास हाय."

ही बातमी तर चपलांच्या बातमीपेक्षा जोरात पळाली. हिंगोलीचा बळी भात ओवाळायचा नाही, ज्याला नजर लागली त्यानंच खायचा! आठवड्यात बाक पुरेनात. पंख्याखालची माणसंसुद्धा आली. त्यातल्या कितीकांनी आजवर शकुबाईच्या हातचं पाणी घेतलं नव्हतं. पण औषधाला तसलं काही आडवं येत नाही. ती माणसं हात जोडायची, डोळे मिटून भात गिळायची, आणि मागं न बघता निघून जायची.

"आणखी वाढू?" शकुबाई विचारायची.

"न्हाई न्हाई. एकदाच घ्यायचा असतोय."

"कोण म्हणलं?"

"सगळेच म्हणून राहिले."

लक्ष्मीबाई दर बाजाराला नातीला आणायची आणि तिला खाऊ घालायची. स्वतः मात्र कधी सोमवार, कधी गुरुवार, कधी चतुर्थी. एवढे उपास पंचांगातसुद्धा नसतील. शकुबाई समजून होती. कुणी चव सांगत नव्हतं, कुणी बोटं चाटत नव्हतं. खानावळ भरली होती आणि तिला ती दवाखान्यासारखी वाटत होती. शेवटी तिनं शंकरसिंगला बोलावलं.

"पाटी बदल. बाली लिव. बा-ली."

"खुळ्या झाल्या का? चालू धंद्यावर ब्रश फिरवता?"

"फिरव. जेवण म्हणून खात्याल ते खात्याल."

शंकरसिंगनं कपाळाला हात लावून 'बाली भात' लिहिलं. हयातीत पहिल्यांदाच जाणूनबुजून चूक लिहिली, असं तो नंतर सांगत फिरला. दुसऱ्या दिवशी निम्मी माणसं आली. तिसऱ्या दिवशी कुणीच नाही. "पाटी बदलली, गुण गेला," लोक म्हणाले. दिवाळी दाराशी आली. डोंगरकड्याचा निरोप पुन्हा आला, आणि या खेपेला शकुबाईनं नाही म्हटलं नाही. चुलीजवळची भांडी पोत्यात भरायला घेतली.

दुपारी कुणीतरी बाकावर टेकलं. शकुबाईनं वळून पाहिलं, तर लक्ष्मीबाई. एकटीच.

"नातीला न्हाई आणलं?"

"ती घरी हाय. भाकर खाऊन राहिली आता चांगली."

"मग? आता गुणाची पाटी न्हाई बरं का वर."

"मला काय वाचता येतंय!" म्हातारीनं पदरानं तोंड पुसलं. "सकाळपासून तहसीलात उभी हाय. भूक लागली, बाई. वाढा."

"आज उपास न्हाई?"

लक्ष्मीबाईनं आजूबाजूला बघितलं. मग हळूच म्हणाली, "न्हाई. अन् त्या दिशीबी नव्हता."

शकुबाईनं पोत्यातून पातेलं काढलं. भात झाला, पत्रावळ मांडली. म्हातारीनं हात जोडले नाहीत, डोळे मिटले नाहीत. खोबऱ्यातल्या शेंगा भातात कालवल्या, लिंबू पिळलं आणि जेवायला लागली. दोन घास गेले. तिसऱ्याला ती थांबली.

"राग मानू नगा," लक्ष्मीबाई म्हणाली, "पण मीठ कमी पडलंय हो. अन् ठेच्यात लसूण कुठाय?"

एवढ्या माणसांनी एवढा भात गिळला होता, पण मीठ कमी आहे असं आजवर एकानंही म्हटलं नव्हतं. औषधाला कोण म्हणतं! तिचे डोळे भरून आले आणि त्यातच हसू फुटलं. मिठाचा डबा तिनं आख्खाच उचलून बाकावर आणून ठेवला, आणि तिथंच पदर तोंडाला लावून उभी राहिली.

"अवो, अशा उभ्या काय राहिल्या?" भरल्या तोंडानं म्हातारी ओरडली. "भात वाढा की आणखी! नुसतं मीठ खाऊ व्हय?"